विरोधासह मंजूर

दहावीच्या पूर्वपरीक्षेत विज्ञानाचा पहिला पेपर सुरू असताना वर्गाच्या दारात उभं राहून बघण्यासारखं असतं. पहिला अर्धा तास सगळ्या माना खाली. मग मधल्या रांगेतून एक हात वर येतो. अंगठा ताठ, पहिलं बोट समोर रोखलेलं, मधलं बोट आडवं. तो हात हवेत सावकाश वळायला लागतो, वळता वळता खांद्यातून पिरगळतो आणि त्याच्यामागोमाग त्याचा मालकही बाकावर तिरका होतो. पाठोपाठ दुसरा हात, तिसरा हात. पाच मिनिटांत निम्मा वर्ग अदृश्य पिस्तुलं परजत बसलेला असतो. यंदा पर्यवेक्षणाला मराठीचे नवे सर होते. ते घाईघाईने मला बोलवायला आले.

"मॅडम, मुलं खाणाखुणा करतायत."

"सर, तो फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम आहे. जनित्रात वीज कुठल्या दिशेने वाहील ते काढतायत."

सर पुन्हा आत डोकावले. "पण बरीचशी डावा हात फिरवतायत."

"उजव्या हातात पेन आहे."

हे फ्लेमिंग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवायचे. विद्यार्थ्यांना सोपं जावं म्हणून त्यांनी ही बोटांची युक्ती काढली. डाव्या हाताने हाच नियम लावला की दिशा बरोब्बर उलटी येते, आणि अशा उलट्या दिशांचे गठ्ठे तपासण्यात माझा फेब्रुवारी जातो.

धड्याचं नाव विद्युतचुंबकीय प्रवर्तन. मला विचाराल तर भौतिकशास्त्रातला हा सगळ्यात माणसाळलेला धडा आहे. तारेचं वेटोळं घ्या, त्यात चुंबक घाला, तारेत वीज येते. चुंबक बाहेर काढा, पुन्हा येते, फक्त उलट्या दिशेने. चुंबक आत ठेवून वाट बघत बसा, काही येत नाही. चुंबक कितीही जबरदस्त असो, वेटोळ्याला कितीही वळसे असोत, बसून राहिलात तर शून्य. एवढंच आहे. पण हे 'बसून राहिलात तर शून्य' युरोपातल्या भल्याभल्यांच्या अकरा वर्षं लक्षात आलं नाही.

1820 साली कोपनहेगनला ओर्स्टेड यांनी दाखवलं की तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई वळते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळतं. मग चुंबकत्वापासून वीज का मिळू नये, असं जो तो म्हणायला लागला, आणि जो तो तारेजवळ चुंबक ठेवून वाट बघत बसला. त्यातल्या त्यात जिनिव्हाच्या कोलॅडन यांची गोष्ट ऐकून माझा जीव कळवळतो. 1825 साली त्यांनी मोठं वेटोळं केलं, ते गॅल्व्हानोमीटरला जोडलं आणि विचार केला की आपला चुंबक दणकट आहे. त्याच्या ओढीने यंत्राची सुई भलतीकडेच वळली तर? म्हणून त्यांनी लांब तारा घेऊन गॅल्व्हानोमीटर चक्क दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. मग या खोलीत चुंबक वेटोळ्यात घालायचा, आणि उठून त्या खोलीत जाऊन सुई बघायची. सुई जागेवर. परत यायचं, चुंबक काढायचा, पुन्हा जायचं. सुई जागेवर. सुई दर वेळी हलत होती. कोलॅडन दारापर्यंत पोचायच्या आत हलून, परत येऊन, साळसूदपणे बसत होती. सगळा प्रयोग बिनचूक होता, चुकलं एवढंच की त्या खोलीत "हलली!" म्हणून ओरडायला कुणी पोरगं बसवलं नव्हतं. माणूस काळजीपूर्वक वागला आणि त्यापायी इतिहासाच्या पुस्तकात तळटीप झाला.

फॅरेडे मात्र सुईजवळच बसले होते. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकलेला. गणित जवळजवळ नाहीच. (हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावर आनंदाची लाट येते. मग मला घाईने सांगावं लागतं की त्यांचं म्हणणं गणितात मांडायला पुढे मॅक्सवेल यावे लागले.) 29 ऑगस्ट 1831 या दिवशी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी सहा इंची लोखंडी कडं घेतलं. त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. वेष्टण चढवलेली तार तेव्हा बाजारात मिळत नव्हती, म्हणून वळशावळशांत सुतळी आणि थराथरात कापड. एका वेटोळ्याला बॅटरी, दुसऱ्याची तार तीन फुटांवर होकायंत्राच्या सुईवरून नेलेली. बॅटरी जोडली, सुई थरथरली आणि जागेवर आली. बॅटरी तशीच जोडलेली, सुई ढिम्म. बॅटरी काढली, सुई पुन्हा थरथरली. महिनाभराने मित्राला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की काहीतरी चांगलं हाती लागलंय असं वाटतं, पण इतक्या खटपटीनंतर वर ओढल्यावर मासा निघेल की शेवाळ, सांगता येत नाही. मासाच होता. आज ज्याला आपण ट्रान्सफॉर्मर म्हणतो, वर्तमानपत्रं रोहित्र म्हणतात आणि गावोगाव 'डीपी जळाली' म्हणून ज्याच्या नावाने शंख होतो, ते सुतळी-कापडात गुंडाळलेल्या त्या कड्याचंच वाढलेलं अपत्य.

तिकडे अमेरिकेत ऑल्बनीच्या शाळेत जोसेफ हेन्री यांनाही हेच सापडलं होतं. पण ते पडले मास्तर. वर्षभर पोरांना गणित शिकवायचं आणि प्रयोग करायचे ऑगस्टच्या सुटीत, वर्ग रिकामे झाले की. निष्कर्ष छापून यायला 1832 उजाडलं. तोवर फॅरेडेंनी बाजी मारली होती. हेन्रींना निदान जनगणना, मतदारयादी आणि शालेय पोषण आहाराच्या नोंदी नव्हत्या, एवढंच समाधान. पुढे शास्त्रज्ञांनी काय केलं, तर प्रवर्तकत्वाच्या एककाला नाव दिलं हेन्री. फॅरेडेंच्या वाट्याला आलं धारकतेचं एकक, फॅरड. म्हणजे ज्यांचा शोध गाजला त्यांना दुसऱ्याच खात्यात बढती.

'बदल झाला तरच वीज, आणि बदल जितका झपाट्याने तितकी वीज जास्त' हे माझ्या पिढीला सायकलच्या डायनामोने शिकवलं. बाटलीएवढा तो डबा चाकाशेजारी तिरका लटकायचा. अंगठ्याने खटका दाबला की स्प्रिंगने टायरला जाऊन भिडायचा, त्याचं दातेरी टोपण टायरवर घासत फिरायचं आणि घुर्र असा आवाज घेऊन सायकल निघायची. आत चुंबक गरगरायचा आणि वेटोळं जागच्या जागी बसून वीज घ्यायचं. सहा व्होल्टचा दिवा. उतारावर सायकल सुसाट सुटली की तो असा लख्ख पेटायचा की रस्त्याकडेच्या झाडाचं पानन्‌पान दिसावं, पण तेव्हा बघायला वेळ नसायचा. पुढे खड्डा आहे असा संशय आला की माणूस ब्रेक दाबणार, चाक मंदावणार, चुंबक मंदावणार आणि दिवा पिवळा, मग तांबूस, मग गुल. ज्या क्षणी उजेड हवा त्या क्षणी काळोख. पोलिसाने अडवलं की आणखी पंचाईत. "दिवा का नाही?" "आहे ना साहेब." "लागलेला नाही." "तुम्ही थांबवलंत म्हणून." फॅरेडेंचा नियम चौकात उभं राहून हवालदाराला पटवणं हे नोबेल मिळवण्याइतकं अवघड काम होतं. पावसात टायर ओलं झालं की टोपण नुसतं घसरायचं आणि घुर्र आवाजही जायचा.

डायनामो गेले, पण नियम कुठे जातोय? कार्ड घासून पैसे द्यायचे दिवस आठवा. काळ्या पट्टीवर बारीक बारीक चुंबकांच्या ओळी, त्या यंत्रातल्या वेटोळ्यासमोरून सरकल्या की वीज उमटायची. सावकाश, अदबीने कार्ड ओढणाऱ्याचं कार्ड हमखास नाकारलं जायचं. मग दुकानदार ते काढून घ्यायचा, पँटवर पुसायचा (हे पुसणं शास्त्राबाहेरचं) आणि सट्‌कन ओढायचा. की लगेच पावती. सभेतला माइक घ्या. पडद्याला चिकटलेलं वेटोळं चुंबकाच्या खाचेत हलतं, तेवढ्याने वीज होते. वक्ता काय बोलतोय याच्याशी माइकला कर्तव्य नाही. 'हॅलो, माइक टेस्टिंग' आणि त्यानंतरचं दीड तासाचं मार्गदर्शन त्याला सारखंच. मॉलच्या दारातली धातूशोधक कमानही याच घराण्यातली. तिच्यातलं बदलतं चुंबकीय क्षेत्र तुमच्या किल्ल्यांत, पट्ट्याच्या बकलात बारीक विजा निर्माण करतं, त्या कमानीला कळतात, ती किंचाळते, आणि खुर्चीतला रखवालदार हातानेच 'जा जा' म्हणतो. फॅरेडेंपासून रखवालदारापर्यंत दोनशे वर्षांचं विज्ञान, शेवटच्या तीन फुटांत माणसाने सोडून दिलेलं.

आता मूळ मुद्द्यावर येते, तो म्हणजे आमचे नाना.

नाना माझे सासरे. पाटणच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी हरकती नोंदवून घेतल्या. निवृत्तीनंतर ते त्या स्वतः घेतात. पाहुणे यायचे म्हटलं की, "कशाला? आत्ता कुठे शेजारच्यांचं लग्न झालंय, गर्दी उतरू दे." पाहुणे परत निघाले की हेच नाना फाटकात आडवे. "एवढ्यात? राहा की दोन दिवस, घर खायला उठेल." मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे प्रेम आहे की हट्ट, उमगायचं नाही. मग एक दिवस वर्गात लेन्झचा नियम शिकवताना फळ्यासमोरच माझा हात थांबला.

हाइनरिख लेन्झ हे सेंट पीटर्सबर्गचे. तरुणपणी जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा करून समुद्राचा खारेपणा मोजून आलेले गृहस्थ. 1834 साली त्यांनी सांगितलं की वेटोळ्यात उपजणारी वीज ज्या बदलामुळे उपजते त्या बदलालाच विरोध करते. चुंबक जवळ आणा, वेटोळं त्याला ढकलतं: कशाला आलास? चुंबक दूर न्या, वेटोळं त्याला ओढतं: एवढ्यात निघालास? चुंबकाशी वैर नाही आणि लोभही नाही. आहे तसं राहू दे, एवढंच मागणं. मी वर्गात 'नाना' म्हणाले नाही, पण त्यानंतर मला ते व्याख्या न वाचता शिकवता येतं.

नानांना हा नियम मी प्रत्यक्ष करून दाखवला. एसी दुरुस्तीवाल्याकडून तांब्याच्या जाड पाइपाचा हातभर तुकडा आणला आणि त्यात बसेल असा एक छोटा, जबर ताकदीचा चुंबक. आधी दाखवलं की तांब्याला चुंबक चिकटत नाही. मग पाइप उभा धरून वरून चुंबक सोडला. खडा सोडला असता तर हात खाली नेईपर्यंत पडला असता. चुंबक काही येईना. नानांनी वरून एक डोळा लावून पाहिलं. आत तो भिंतीला न शिवता, घाई नसलेल्या माणसासारखा, तरंगत तरंगत उतरत होता. पाइपाच्या ज्या भागातून तो जातो तिथे गोल गोल वीज फिरते. पुढची त्याला येऊ देत नाही, मागची त्याला जाऊ देत नाही. शेवटी टप्पकन माझ्या तळहातावर पडला. नाना म्हणाले, "आत काहीतरी अडकलंय. फडकं घालून साफ कर, मग बघ कसा पडतो." फडकं घातलं. पुन्हा सोडला. पुन्हा तसाच आला. नानांनी तो प्रयोग दुपारभर केला आणि शेवटी अभिप्राय दिला, "बरोबर आहे त्याचं. उगाच धाडकन पडायचं कशाला?"

आमच्याकडे इंडक्शनची शेगडी आली तीसुद्धा विरोधासहच मंजूर होऊन. "वीज गेली म्हणजे काय उपाशी बसायचं?" ही पहिली हरकत. ती फेटाळली गेली, पण पुढची हरकत खुद्द शेगडीने घेतली. त्या काळ्या काचेखाली तारेचं चपटं वेटोळं असतं. त्यातली वीज सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होते, आणि वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडात वीज फिरवून बुडालाच तापवते. काच तापते ती भांड्यामुळे. मात्र भांडं लोखंडाच्या जातीचं हवं. चुंबक चिकटला तर चालेल, नाहीतर शेगडी टूं टूं करून संप पुकारते. म्हणून फ्रिजवरचा गणपतीपुळ्याचा चुंबक काढून मी आणि सासूबाई मांडणीपुढे उभ्या राहिलो. हिंडालियमची कढई, नापास. पितळी पातेलं, कल्हई ताजी असूनही नापास. तांब्याचा बंब तर विचारूच नका. मग स्टीलकडे वळलो आणि खरा अपमान तिथे झाला. सासूबाईंच्या लग्नातली जाड, चकचकीत, 'मामाकडून सप्रेम' असं कोरलेली पातेली. एकालाही चुंबक चिकटेना. भारी स्टीलमध्ये निकेल घालतात आणि त्या स्टीलला चुंबकाचं सोयरसुतक उरत नाही. चिकटला तो कुठे? कुठल्याशा योजनेत फुकट आलेल्या पातळ टोपाला, आणि बिडाच्या तव्याला. "मामाचं नापास आणि फुकटातलं पास?" सासूबाईंनी चुंबक माझ्या हातातून घेतला, आणि पुन्हा पहिल्या पातेल्यापासून तपासणी सुरू केली. कागदपत्रं हरवलेल्या माणसाच्या चेहऱ्याने.

तांब्याचं, अॅल्युमिनियमचं भांडं का चालत नाही, तर त्यांच्यातून वीज फार सहज वाहते. तव्याचं लोखंड तिला अडवतं, आणि त्या अडवण्यातच तो तापतो. हे ऐकून नानांचं शेगडीबद्दलचं मत जरा निवळलं. दोन वर्षांनी भाच्याला हॉस्टेलवर ती शेगडी द्यायची ठरली, तेव्हा "माझा सकाळचा चहा कशावर करणार?" म्हणून आडवं कोण आलं, ते सांगायला नको.

लेन्झचा हा विरोध निसर्गाने हौसेखातर ठेवलेला नाही. समजा उलट असतं, वेटोळ्याने येणाऱ्या चुंबकाला आत ओढून घेतलं असतं, तर तो आणखी जोरात आत आला असता, आणखी वीज, आणखी ओढ. एकदा बोटाने टिचकी मारली की गावाला जन्मभर फुकट दिवे. तसं होत नाही. वीज काढायची तर जोर लावावाच लागतो. डायनामो लावला की सायकल जड जायची ती टायरच्या घासण्यामुळेच नव्हे. आत चुंबकाला वेटोळं मागे रेटत असायचं, आणि तो रेटा आपल्या पोटऱ्यांना कळायचा. कोयनेचंही तेच. 1,960 मेगावॅटचा तो कारभार, पण संध्याकाळी घरोघर दिवे, पंखे, एसी लागले की पोफळीच्या भुयारातली जनित्रं एकदम जड होतात. ती मंदावू नयेत म्हणून पाणी जास्त सोडावं लागतं. तुमच्या दिवाणखान्यातलं बटण कोयनेच्या पाण्याच्या पोटऱ्यांना कळतं. मला हे फार आवडतं. नानांना नाही आवडत; ते उठून दिवाणखान्यातला पंखा बंद करतात.

अशी एक गोष्ट सांगतात की, याचा उपयोग काय, असं इंग्लंडच्या एका मंत्र्याने विचारल्यावर फॅरेडे म्हणाले, एक दिवस यावर कर बसवाल. गोष्टीला समकालीन पुरावा नाही, पण वीजबिल हातात धरून वाचलं की पुराव्याची फार गरज वाटत नाही. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि मग विद्युत शुल्क. नाना ते बिल दोनदा वाचतात, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर.

त्यांचा खरा जीव होता तो जुन्या मीटरवर. त्यात अॅल्युमिनियमची चकती फिरायची, कडेला एक काळी खूण. वीजवाहक वेटोळ्यांमुळे चकतीत भोवऱ्यासारखे प्रवाह उठायचे आणि ती ढकलली जायची. नुसती ढकलली तर वाट्टेल तशी पळेल, म्हणून शेजारी एक चुंबक तिला मागे धरून ठेवायला बसवलेला असायचा. तो अडवायचा म्हणून बिल बरोबर यायचं. वाड्याच्या जमान्यात घरमालक जिन्यात मीटरपुढे उभे राहून चकतीच्या वेगावरूनच ओळखायचे आणि वर तोंड करून विचारायचे, "काय हो, इस्त्री लावलीत का?" नानांनी ही विद्या त्यांच्याच घरमालकांकडून घेतलेली.

तो मीटर बदलायला माणूस आला तेव्हा नाना खुर्ची घेऊन मीटरखालीच बसले. जुना चांगला चालतोय, नव्यात फिरताना काही दिसत नाही, मग तो चालतोय हे कळायचं कसं? सासूबाई आतून म्हणाल्या, "हा जुना बसवायला आले तेव्हाही असेच बसला होतात." त्या माणसाला अशा खुर्च्यांची सवय असावी. त्याने नानांच्याच हातात स्क्रू धरायला दिले आणि दहा मिनिटांत काम उरकून सही घेतली. नाना दोन दिवस मीटरकडे बघायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना नव्या मीटरवरचा तो बारीक लाल दिवा दिसला. जितकी वीज जास्त, तितका तो भराभर मिचकावतो. आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते त्याच्यापुढे उभे असतात, आणि न्हाणीघराच्या दिशेने आवाज येतो:

"सूनबाई, गीझर बंद कर. फार लुकलुकतंय."